रेतव्याचे औषधी गुण व त्याचे निर्मूलन

गुण कळले की आयुष्य घटतं, हा सृष्टीचा नियम आहे. सुनेचा हात कामाला चालतो हे सासरी कळलं, की तिचं बसणं संपलं. बैल गरीब आहे हे कळलं, की त्याची मान संपली. आपल्याकडे मोठं पातेलं आहे हे शेजारणीला कळलं, की पातेलं संपलं. उलट ज्याच्यात काही म्हणजे काही नाही, ते शंभर वर्षं जसंच्या तसं टिकतं. अशी माणसं घरोघरी आहेत. नावं घ्यायला नकोत, सगळी अजून जिवंत आहेत.

झाडांनाही हाच नियम लागू आहे. वाळवंटाच्या कडेला रेतवा नावाचं एक झाड होत असे. ते फार गुणी होतं, म्हणून आता एकच उरलं होतं. ऐन उन्हाळ्यात बाकीची झाडं काड्या होऊन उभी राहिली की हे पिवळंधमक फुलायचं. पाणी मागायचं नाही, खत मागायचं नाही, कुरकुर करायचं नाही. असल्या स्वभावाचं माणूस असो की झाड, लोक त्याला सोलतातच.

रेतव्याच्या सालीचे सरकारमान्य उपयोग असे: कावीळ, यकृताची सूज, पोटाचा नगारा, जुना ताप, नवा ताप, केस गळणे, केस नको तिथे येणे, रक्त शुद्ध करणे, आणि इतर. ('इतर'खाली सगळ्यात जास्त साल खपली. त्याबद्दल लोक मोठ्यानं बोलत नसत.) सरकारी पाहणीत शंभरांपैकी एकशेचार रुग्णांना गुण आल्याचं आढळलं. (वरचे चौघे नुसते सोबतीला आले होते.)

या यादीत एक गुण नव्हता. रेतवा वाळू धरतो. त्याची मुळं जमिनीखाली अशी पसरतात की वारा कितीही माजला तरी वाळू तिथेच थांबते, पुढे सरकत नाही. पण हा गुण कुटून, गाळून, उपाशीपोटी घेता येत नाही. म्हणजे तो औषधी नव्हे. आणि औषधी नाही तो गुण कसला.

हा बिनऔषधी गुण आत्याबाईंना तेवढा माहीत होता, कारण त्यांचं घर त्यावर उभं होतं. वस्तीतलं शेवटचं घर त्यांचं. पुढच्या दारी रस्ता संपतो, मागच्या दारी वाळू सुरू होते आणि मधे तो एक रेतवा. दवाखान्याच्या चादरी, विश्रामगृहाचे पडदे आणि सरकारी कचेरीतले टेबलक्लॉथ धुवायचं काम पिढीजात त्यांच्याकडे. मुलगा पाण्याचा टँकर चालवायचा, त्यामुळे पाण्याची ददात नव्हती. धुवायची सून, आणि बघायच्या आत्याबाई. (बघणं हे धुण्यापेक्षा अवघड, असं आत्याबाईंचं मत होतं. सुनेचं मत कुणी विचारलेलं नव्हतं, तरी ती ते सांगायची.)

पूर्वी मागच्या दारी रेतव्यांची रांग होती, तेव्हा अंगणात चादर वाळत घातली तर ती चादरच राहायची. मग एकेक झाड गेलं, तसतशी वाळू एकेक पाऊल पुढे आली, लग्नाच्या पंगतीत पुढे सरकणाऱ्या पाहुण्यासारखी, कुणाच्या लक्षात न येता. आता स्वयंपाकघराच्या खिडकीचं खालचं दार उघडत नव्हतं, कारण बाहेरून वाळूनं पाठ लावली होती. उरलेला रेतवा गेला असता तर एका हंगामात खिडकी गेली असती, दुसऱ्यात भिंत. त्याआधी दवाखान्यानं धुणं काढून घेतलं असतं. रोगी माणसाला एकवेळ औषध नसलं तरी चालतं, पाठीखाली वाळू चालत नाही.

तेव्हा आत्याबाईंचं सगळं घर त्या एका खोडाला टेकून होतं. आणि त्या खोडाची साल रोज कमी होत होती.

आता, बाकीचे रेतवे लोकांनी मारले असं म्हणणं लोकांवर अन्याय करण्यासारखं होईल. त्यात संवर्धनाचाही वाटा आहे आणि तो कमी लेखू नये.

सरकारी कचेरीत संवर्धन शाखा नावाची एक खोली होती. तिथले साहेब तरुण, तळमळीचे. नुसतं 'रेतवा' म्हटलं तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. (त्या भागात पाणी दुर्मीळ, म्हणून लोक ते कौतुकानं बघायचे.) साहेबांचं म्हणणं असं, की लोकांना झाडाचं मोल कळत नाही म्हणून लोक ते जपत नाहीत. हे कुणालाही पटेल. मग त्यांनी झाडाशेजारी मोठा फलक लावला, त्यावर सालीचे सगळे उपयोग ठळक अक्षरांत लिहिले, आणि साल कुठली ते कळावं म्हणून बाण काढला. तोवर वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना एखाददुसरा उपयोग ठाऊक होता. फलक लागल्यावर अज्ञान दूर झालं. बसगाड्या भरून लोक मोल जाणायला येऊ लागले.

झाडाला कुंपण हवं, हेही ओघानं आलं. कुंपणाचं लाकूड वाळवी न लागणारं, उन्हात न तडकणारं, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं असावं, असा नियम होता. साहेबांनी नियम काटेकोर पाळला. असं लाकूड त्या भागात फक्त रेतव्याचं. कुंपणानं शेत खाल्ल्याचं आपण ऐकत आलो आहोत. इथे कुंपणासाठी आधी शेत कापलं, मग उरलेल्या एका ताटाला ते कुंपण घातलं. काम मात्र सुबक झालं. लोकांनी पुढे त्या कुंपणाचीही साल काढली.

शिवाय दरवर्षी संवर्धन सप्ताह असायचा. भाषणं व्हायची, आणि प्रत्येक पाहुण्याला आठवण म्हणून रेतव्याच्या सालीची पुडी रेशमी फीत बांधून मिळायची. सप्ताहाची गर्दी वर्षागणिक वाढत होती. संवर्धनाबद्दल जनतेत जागृती होत असल्याचा हा पुरावा होता.

लोकही काही राक्षस नव्हते. प्रत्येक जण नखाएवढीच साल काढायचा. काढण्याआधी झाडाची माफी मागायचा. सकाळी सकाळी तर माफी मागायलाच रांग असायची. एका बाईनं सालीला हात लावताना इतका हंबरडा फोडला की आत्याबाईंनी तिला आत नेऊन चहा पाजला, आणि तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं हातभर साल काढून घेतली.

त्या दिवसापासून आत्याबाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागल्या. शिव्यांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं. माणसाच्या सात पिढ्या त्या एका दमात उद्धरायच्या, आणि पुढच्या दमाला आठवी नव्यानं जुळवायच्या. याचा परिणाम झाला. शिव्या खाऊन काढलेली साल जास्त लागू पडते, असा लोकांना अनुभव येऊ लागला. मग लोक त्या खुर्चीत बसलेल्या बघूनच यायचे. एकदा आत्याबाईंचा घसा बसला होता तर दोन माणसं हात हलवत परत गेली. म्हणाली, घसा सुटला की कळवा.

शेवटी सुनेनं तोंड उघडलं. ते तिनं कधी बंद ठेवलं होतं असं नाही, पण या वेळी उपयोगाचं बोलली. पिळलेली चादर झटकत म्हणाली, "आई, तुम्ही चारचौघांत माझं कौतुक केलंत की मला चार घरची कामं लागतात. नावं ठेवलीत की महिनाभर कुणी हाक मारत नाही. मला ते फार बरं पडतं. झाडालाही नावं ठेवून बघा."

आत्याबाईंनी तिच्या हातातली चादर उजेडात धरून बघितली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी ठेवते ती तुला पुरत नाहीत."

पण सल्ला त्यांनी घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्या येईल त्याला खाजगीत सांगू लागल्या, की बाबा रे, या सालीनं माझ्या नणंदेची झोप गेली. डोळा म्हणून लागत नाही. त्यांना वाटलं, आता लोक पळतील. आठवड्याच्या आत रात्रपाळीचे पहारेकरी आले, परीक्षेला बसलेली पोरं आली, आणि एक बाई नवऱ्यासाठी घेऊन गेली. तो घोरायचा.

मग त्यांनी सांगितलं, सालीनं भूक मरते. झालं. ज्यांचे कपडे अंगाला लहान झाले होते अशा बायका रिक्षा करून आल्या. खाणावळवाला तर पोतं घेऊनच आला.

मग सांगितलं, विस्मरण होतं. कचेरीतल्या दोघांनी नेली. कशाला, ते त्यांना नंतर सांगता आलं नाही.

मग त्यांनी मनावर दगड ठेवून सगळ्यात भयंकर अपाय काढला. म्हणाल्या, काढा घेतला की जीभ जड होते, अर्धा दिवस माणसाला बोलता येत नाही. यावर जी रांग लागली तशी त्या वस्तीत पाण्यालासुद्धा कधी लागली नव्हती. सासवा सुनांसाठी नेत होत्या, सुना सासवांसाठी नेत होत्या, आणि रांगेत एकमेकींना अगदी प्रेमानं जागा करून देत होत्या. त्या दिवसापासून आत्याबाई स्वतःचा चहा स्वतः करून घेऊ लागल्या.

यावरून एक गोष्ट सिद्ध झाली. जगात अपाय असा नसतोच. तो दुसऱ्या कुणाचा तरी उपाय असतो.

आत्याबाईंनी मग हात टेकले आणि म्हणाल्या, जा, काही होत नाही त्या सालीनं. ना बरं, ना वाईट. नाक्यावरच्या वैद्यबुवांनी ही गोष्ट फार उचलून धरली. म्हणाले, बघा, खुद्द शेजारची बाई सांगते आहे की औषध अगदी निर्धोक आहे. तेव्हापासून साल तान्ह्या मुलांनाही देऊ लागले.

रेतवा आता पुरुषभर उंचीपर्यंत सोलला गेला होता. फक्त वाऱ्याकडच्या बाजूला सालीची एक पट्टी शिल्लक होती, आणि तिच्या जोरावर तो अजून पानं धरून होता. तिथे काटेरी वेडकाट्याचं जाळं माजलेलं असल्यामुळे कुणाचा हात पोचत नव्हता.

या वेडकाट्याविषयी सांगायला हवं. तो परदेशातून आलेला. वाळू थोपवायला म्हणून सरकारनंच एके काळी आणला. त्यानं वाळू सोडून बाकी सगळं थोपवलं. रस्ते थोपवले, विहिरी बुजवल्या, गुरांच्या तोंडाला फोड आणले. त्याला पान ना फूल धड, नुसते काटे. उपयोग शून्य. साहजिकच तो भरभराटीत होता.

अशात एक दिवस संवर्धन साहेब आत्याबाईंच्या मागच्या दारी आले. सोललेल्या खोडाकडे बघून त्यांना भरून आलं. रुमाल ओला झाल्यावर त्यांनी निर्णय सांगितला. सदर वृक्ष सद्यस्थितीत इथे सुरक्षित नसल्याकारणानं तो मुळासकट काढून राजधानीतल्या मोठ्या चौकात, कारंज्याच्या मधोमध लावण्यात येणार आहे. पुढच्या आठवड्यात क्रेन येईल.

आत्याबाईंनी खुर्ची उचलून खोडाला टेकवली. विचारलं, "साहेब, तिथे जगेल का ते?"

"जगण्याची हमी देता येणार नाही," साहेब म्हणाले. "पण संवर्धन होईल."

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही असं लिहायला बरं वाटतं, पण जेवले सगळे. फक्त मुलानं जेवता जेवता विचारलं, की आता दुसरीकडे जागा बघायला लागायची का. आणि आत्याबाई त्याला काहीच बोलल्या नाहीत. हे त्या घरात पहिल्यांदा घडलं. सुनेला त्याचीच जास्त भीती वाटली. तिनं शपथेवर सांगितलं, की आई, मी आमटीत काही घातलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुतलेले टेबलक्लॉथ द्यायला आत्याबाई कचेरीत गेल्या. डावीकडे संवर्धन शाखा, उजवीकडे निर्मूलन शाखा, मधे व्हरांडा. संवर्धनाचा टेबलक्लॉथ दर खेपेला सुनेचा जीव काढायचा. चहा, शाई, बिस्किटाचा लगदा, हारांतल्या पाकळ्या, आणि हल्ली डोळ्यांतलं पाणी. निर्मूलनाचा टेबलक्लॉथ मात्र जसा जायचा तसा यायचा. आत्याबाई तो नुसता घडी बदलून परत करायच्या.

निर्मूलन शाखेचं काम म्हणजे वेडकाट्याचं निर्मूलन. ते साहेबांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अव्याहत चालू होतं. साहेब आता निवृत्तीला टेकले होते. आत्याबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा ते खुर्चीवर उभे होते, आणि खिडकीतून आत आलेली वेडकाट्याची एक फांदी सुतळीनं गजाला बांधत होते. फांदी पंख्यात अडकून मोडेल अशी त्यांना काळजी वाटत होती.

आत्याबाई घडी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शाळेत त्या फार गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना समोर दिसत होतं ते दिसलं. डावीकडच्या खोलीनं हाती घेतलेलं एकही झाड जगलं नव्हतं. उजवीकडच्या खोलीनं हाती घेतलेलं एकही मेलं नव्हतं.

त्या आत जाऊन बसल्या. म्हणाल्या, "साहेब, माझ्या मागच्या दारी एक तण माजलंय मेलं. त्याचं निर्मूलन करा."

साहेब खुर्चीवरून उतरले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे निर्मूलन मागायला कुणी आलं नव्हतं. ते जरा घाबरलेच. म्हणाले, "आत्याबाई, आमच्याकडे एक तण आहे, आणि त्यात आम्ही सुखी आहोत."

"दुसरं घेतलंत तर काय बिघडतं?"

साहेबांनी उठून दार लोटलं. मग हळू आवाजात सांगितलं, की बिघडतं. या खोलीशेजारी पूर्वी डास निर्मूलनाची शाखा होती. तिथले साहेब तरुण होते, कुणी समजवायला नव्हतं, त्यांनी डास खरोखरच मारले. एक उरला नाही. मग शाखेचं काय काम? आता त्या खोलीत झाडू ठेवतात, आणि ते साहेब कुठे आहेत याची चौकशी करायलाही कुणी धजत नाही. तेव्हा नवीन तण घ्यायचं तर ते चिवट आहे की नाही, टिकेल की नाही, हे सगळं बघूनच घ्यावं लागतं.

"टिकायला काय झालंय," आत्याबाई म्हणाल्या. "पाणी लागत नाही, खत लागत नाही. कुणी बोलावलं नव्हतं तरी उगवलं. मुळं माझ्या भिंतीखालून गेलीत. धुतलेल्या चादरींवर पिवळा कचरा पाडतं. लोक रोज सोलतात तरी मरत नाही, इतकं निर्लज्ज आहे."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी विचारलं, झाडाचा काही उपयोग आहे का? आत्याबाईंनी विचारलं, असला तर अडचण आहे का? साहेब म्हणाले, अडचण कसली, आमच्या शाखेत तो प्रश्नच नसतो, सहज विचारलं.

"किती आहेत?"

"एक."

साहेबांचा चेहरा पडला. म्हणाले, एकच म्हणजे धोका आहे. चुकून एखादा माणूस कुऱ्हाड घेऊन आला तर शाखा दुपारच्या आत बंद. शिवाय निर्मूलन शास्त्रशुद्ध करायचं तर विष किती, कुठल्या वयाच्या झाडाला, याच्या चाचण्या घ्याव्या लागतात. एका झाडावर चाचण्या कशा घेणार?

आत्याबाईंनी मांडीवरची घडी सारखी केली. "मग आधी वाढवा की. बियांनी फांद्या लवल्यात. माझ्या मागच्या दारी जागा आहे. रांगेनं लावा. पाण्याला माझ्या मुलाचा टँकर आहे. चांगली वाढली की मग करा निर्मूलन."

"त्याला वेळ लागेल."

"माझी घाई नाही," आत्याबाई म्हणाल्या. "तुमची आहे?"

साहेबांची नव्हती. त्यांच्यानंतर या खुर्चीत त्यांचा भाचा बसायचा होता, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय झाल्याशिवाय त्यांना झोप लागत नव्हती. त्यांनी आत्याबाईंना चहा मागवला. पहिल्यांदाच त्या टेबलक्लॉथवर डाग पडला.

क्रेन आली त्या सकाळी आत्याबाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. निर्मूलन साहेब आदल्याच दिवशी येऊन गेले होते. खोडावर लाल फुली मारली होती, आणि वर पाटी ठोकली होती: 'धोकादायक तण. निर्मूलनाचे काम चालू आहे.' (त्यातलं 'चालू आहे' पक्क्या रंगात होतं.) संवर्धन साहेब जीपमधून उतरले, पाटी वाचली, आणि रुमाल काढायचंही विसरले. तेवढ्यात निर्मूलन साहेब रिक्षानं आले. वयोमानानं त्यांना दम लागला होता.

त्यांनी नियम सांगितला. निर्मूलनाखाली असलेलं कुठलंही तण एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येत नाही, कारण हलवलं की पसरतं.

"पसरावं हीच तर आमची इच्छा आहे," संवर्धन साहेब कळवळून म्हणाले.

"मग तुम्ही तणाला सामील आहात," निर्मूलन साहेब म्हणाले.

सरकारी नोकरीत यापेक्षा वाईट शब्द नाही. संवर्धन साहेब पांढरे पडले. क्रेनवाल्यानं दोन्ही साहेबांकडे बघितलं, मग आत्याबाईंकडे बघितलं, की हलवू का नको. आत्याबाईंनी सुनेकडे बघितलं. सून ओली चादर घेऊन आली, आणि क्रेनच्या लांबलेल्या हातावर ती वाळत घातली. म्हणाली, दादा, तुमचं काय ते ठरेपर्यंत ही सुकू दे. ती सुकली, दुसरी घातली, तीही सुकली. दुपारी क्रेन परत गेली. जाताना फलक आणि कुंपण तेवढं घेऊन गेली, कारण ती संवर्धन शाखेची मालमत्ता होती.

आणि लोकांचं काय, असं कुणी विचारेल. लोकांनी त्या दिवसापासून सालीला हात लावला नाही. कारण सरळ आहे. रेतवा आता सरकार नष्ट करणार होतं, म्हणजे त्याची साल काढणं हे सरकारचं काम फुकटात करून देणं झालं. सरकारी कामाला फुकट हात लावणारा माणूस त्या वस्तीत अजून जन्मायचा होता. वैद्यबुवांनीही काढ्याच्या बाटल्या आत ठेवल्या. म्हणाले, तण कोण पिणार? सुंठीवाचून खोकला गेला.

निर्मूलनाचं काम मात्र जोरात सुरू झालं. मागच्या दारी रोपांच्या रांगा लागल्या. त्यांना सावलीसाठी छपरं झाली, टँकरनं पाणी झालं. दर वर्षी एकदा ठरल्या दिवशी विष घालतात. ते साहेब स्वतः इतकं पातळ करतात की त्याचं खतच होतं. लागू पडेल की काय, या धास्तीनं त्या दिवशी त्यांचा रक्तदाब वाढतो. अहवालात ते लिहितात, की तण अपेक्षेपेक्षा चिवट असून आणखी रोपं लावल्याशिवाय त्याचा नायनाट करता येणार नाही. मूळ झाडानं सोललेल्या जागी नवी साल धरली आहे. भाच्याला नोकरी लागली. आत्याबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं खालचं दार उघडतं, आणि चादरी वाळूवाचून वाळतात. सुनेचं काम मात्र कमी झालं नाही, कारण आत्याबाईंनी त्या आनंदात चारचौघांत तिचं कौतुक केलं.

संवर्धन साहेबांचे हात रिकामे राहिले होते. निर्मूलन साहेब मनानं मोठे. एका माणसाला दोन तणं कशाला, म्हणून त्यांनी वेडकाटा संवर्धनाकडे सोपवला. संवर्धन साहेबांनी लगेच त्याचे गुण शोधले, फलक लावला, सप्ताह घेतला, पुड्या वाटल्या. इतकी वर्षं कुऱ्हाडीला, आगीला, विषाला जो दाद देत नव्हता, तो वेडकाटा तीन पावसाळ्यांत दिसेनासा झाला. आता कचेरीच्या मुतारीमागे त्याचं एकच झुडूप उरलं आहे, आणि साहेब त्याच्याशेजारी उभे राहिले की त्यांना भरून येतं.

ही हकीकत आत्याबाई बऱ्याच शहाण्यासुरत्या लोकांना सांगत आल्या आहेत. लोक मन लावून ऐकतात. हसतात, साहेबांना नावं ठेवतात, अडाणी जनतेबद्दल हळहळतात. मग निघताना, एक पाय चपलेत घातल्यावर, आवाज खाली आणून एवढंच विचारतात, की साल ओली घ्यायची की वाळवून. झाडाचं बरं आहे ना, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

तुम्ही तसं काही विचारणार नाही, हे आत्याबाईंना ठाऊक आहे. तुम्ही शिकलेले आहात. फक्त मघापासून दुखऱ्या कमरेवर ठेवलाय तो हात तेवढा काढा.